मतचाचणी आणि आपले मत
(सिरोंचा येथील भाषण)



2024 च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीस 350 हून अधिक जागा दिल्या; मिळाल्या 293. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, परंतु शिते सर्व थरांतून घ्यावी लागतात. पक्षपात न करता 1000 माणसे निवडली, तर चूक शेकडा 3 च्या आसपास राहते. मात्र सिरोंच्यातील तेलुगूभाषक मजुरास मराठीत, तेही ठेकेदारासमक्ष, विचारले तर तो खरे कसे सांगणार? 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 94 अन्वये न्यायालयातील साक्षीदारावरही मत कोणास दिले हे सांगण्याची सक्ती करता येत नाही. मग चाचणीवाल्याची काय कथा! इच्छा असेल तर एकांतात सांगा; नसेल तर स्वच्छ नकार द्या.