माय आहे तोवर तिला विचारा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान नाही. रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे उभा राहणारा कामगार आहे. शाळा अर्ध्यात सुटली. पुढे जे काय शिकलो ते या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. आज मला ‘आई’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. पण आधी मी दूरदेशीच्या आयांची हकीकत सांगणार आहे. का सांगतो, ते शेवटी कळेल.

काही वर्षांमागे आम्ही कार्यकर्ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावला गेलो होतो. १९२० सालच्या मार्च महिन्यात तिथे परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते आणि राजर्षी शाहू महाराजांनी तिथेच त्यांना आपले पुढारी म्हणून गौरवले. ती भूमी पाहून परतताना कोल्हापूरच्या महावीर उद्यानात टेकलो. तिथे एक स्मारक दिसले. ते पोलंडच्या लोकांचे! म्हटलं, पोलंड कुठं अन् कोल्हापूर कुठं?

मग विचारत गेलो, वाचत गेलो. १९३९ साली पोलंडवर एका बाजूने हिटलर चालून आला, दुसऱ्या बाजूने स्टॅलिनची फौज. १९४० आणि ४१ साली लाखो पोलिश माणसे घरातून उठवून सायबेरिया, कझाकस्तानकडे मालगाड्यांतून नेली. थंडी, उपासमार, लाकूडतोडीची सक्ती. पुढे सुटका झाली तेव्हा हे लोक इराणमार्गे बाहेर पडले. वाटेत भुकेने आणि तापाने कितीतरी गेले. कित्येक आयांनी, आपले काय व्हायचे ते होवो, लेकरू तरी जगावे, म्हणून पोटची मुले अनाथालयाच्या हवाली केली. आपण मैत्रीचे सुत्त म्हणतो, त्यात एकुलत्या लेकरासाठी जीव देणाऱ्या आईचा दाखला आहे. तो दाखला पाली भाषेत आहे, पण आई प्रत्येक भाषेत तीच.

त्यांतले सुमारे पाच हजार लोक १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे गावाच्या छावणीत राहिले. बहुतेक बाया आणि मुले, कारण पुष्कळ पुरुष लढाईवर होते. या बायांनी तिथे संसार उभा केला. शाळा चालल्या, दवाखाना चालला, मुलांना आपल्या भाषेत शिकवले. १९४८ पर्यंत छावणी उठली. त्यांच्यापैकी बहुतेकांचे मूळ गाव तेव्हा सोव्हिएत संघाच्या हद्दीत गेलेले, परत जायचे कुठे? कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला. थोड्या मुलींनी इथल्याच माणसांशी लग्ने केली. त्यांतली एक कोल्हापूरची सून झाली, मराठी नाव घेतले, मराठी बोलली आणि म्हातारपणापर्यंत तिथेच राहिली. छावणीच्या जागी फाळणीत घर सुटलेले सिंधी बांधव आले. आज ते गांधीनगर.

आता मुद्दा ऐका. त्या छावणीत वाढलेली मुले जगभर पांगली, पण त्यांनी एकमेकांना शोधले. संघटना केली. कोणाच्या आईने काय सोसले, कोण कुठे दगावले, सगळे लिहून काढले आणि त्याचे जाडजूड पुस्तक केले. म्हातारपणी वळिवड्याला येऊन आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहिली. म्हणून आज तुम्हा-आम्हाला त्या आया माहीत आहेत.

आणि माझी माय?

१९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मी तेव्हा अंगावर पिता. बाभळीला झोळी बांधून मला तिच्यात टाकायची. कामावर सुकडी मिळे ती पदरात बांधून थोरल्या भावंडांना आणायची. पुढे जिनिंगमध्ये कापूस निवडला. रुईच्या फुफाट्याने तिला जन्माचा खोकला लागला. हजेरीपटावर तिचे नाव नीट कधी लागले नाही. १९५६ ला ती लहान पोर होती. तिच्या बापाने देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरून नदीला नेले, आणि ती टोपले धरून मागे चालली, एवढेच ती एकदा बोलली होती. तेव्हा तिला भीती वाटली की हलके वाटले? मी म्हणायचो, सुट्टीच्या दिवशी विचारू. सुट्टी आली की मिटिंग, मोर्चा, जयंतीची वर्गणी. समाजाचे काम करता करता मायशी बोलायचे राहून गेले.

ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी परिचय करून देणाऱ्याने मला हळूच विचारले, “आईचं जन्मसाल काय?” मला सांगता आले नाही. तिचे माहेरचे पाळण्यातले नाव विचारले, तेही येईना. बंधूंनो, गावोगाव भाषणे करणारा मी, त्या दिवशी मांडवात मुका झालो.

सिद्धार्थाची आई महामाया बाळंतपणानंतर सातव्या दिवशी गेली. महाप्रजापती गौतमीने त्यांना वाढवले. बाबासाहेबही लहानपणीच आईला पोरके झाले, आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण कोणीतरी जपली. थेरीगाथेत तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बायांचे स्वतःचे बोल आहेत. बाईचे म्हणणे जपणे ही आपलीच परंपरा आहे, कोणाकडून उसनी आणायची नाही.

म्हणून या वर्धापनदिनी माझी एकच मागणी आहे. विहारात एक जाड वही ठेवा. दर पौर्णिमेला वंदना झाली की एका घरची आजी बोलेल आणि त्याच घरची शाळेत जाणारी नात लिहील. गाव कोणते, काम काय केले, १९५६ ला घरात काय झाले, दुष्काळात काय खाल्ले, १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा काय वाटले. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. आजी म्हणेल, “माझ्यात काय हाय लिवण्यासारखं?” तरी लिहा.

पहिले पान मी माझ्या मायचे लिहिणार आहे. अर्धे कोरे राहील. तुमचे राहू देऊ नका.

जय भीम! नमो बुद्धाय!