रक्ताचा कागद आणि गालातला चट्टा

चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, नाहीतर गटाच्या बैठकीत, जिथं असाल तिथून ऐका. आज आम्ही गटातल्या बायका तोंडाच्या तपासणीबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंना पंचवीस वर्षांची मशेरीची सवय. गालाच्या आत पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढं तिखट झोंबायला लागलं, तेव्हा मुलगा तालुक्याला घेऊन गेला. तिथं कुणीतरी सांगितलं, ‘रक्त तपासा, कॅन्सर असला तर कळेल.’ अठराशे रुपये गेले. म्हणजे सहा दिवसांच्या खुरपणीची मजुरी! कागदावर ‘नॉर्मल’ आलं. ताईंनी पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. चट्टा मात्र होता तिथंच राहिला आणि मशेरीही चालूच राहिली.

सात महिन्यांनी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी बॅटरी लावून त्यांचं तोंड बघितलं आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासला. कॅन्सर झालेला नव्हता, पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. चट्टा काढून टाकला. ताई आत्ता आमच्या शेजारी बसल्या आहेत. ‘माझं नाव नको, पण गोष्ट सांगा,’ असं त्याच म्हणाल्या.

मग रक्ताचा कागद खोटा होता का? खोटा नव्हता. आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

रक्तात काही पदार्थ असतात, त्यांना डॉक्टर ‘ट्यूमर मार्कर’ म्हणतात. गाठ वाढली की यातले काही वाढतात. सुपारीमुळं ज्यांचं तोंड आखडलंय किंवा तोंडात चट्टे आहेत, अशा लोकांचं रक्त आपल्या देशातल्या डॉक्टरांनी तपासलं आहे. सियालिक ॲसिड, एलडीएच असे पदार्थ त्यांच्यात सरासरीनं जास्त सापडले. पण सरासरी शंभर जणांची असते, आपलं तोंड एकटीचं. निरोगी बाईचा आकडा जास्त येऊ शकतो आणि चट्टा असलेल्या बाईचा नेहमीसारखा येऊ शकतो. एलडीएच तर लिव्हरच्या आजारातही वाढतं. सीईए नावाचा मार्कर नुसत्या विडी-सिगारेटनंही वाढतो.

धूर दिसला म्हणजे घर पेटलंच असं नाही, कुणाची चूलही पेटलेली असेल. आणि गंजीच्या पोटात धुमसत असेल, तर बाहेर धूर दिसणारही नाही. रक्ताचा आकडा तसाच आहे. संशोधन चालू आहे, पण आज तरी या आकड्यावर ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ असं ठरवत नाहीत. ते ठरतं तुकडा तपासून, म्हणजे बायोप्सीनं.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो,’ असं आपल्याकडं म्हणतात. तसं नसतं. जागा बधिर करून अगदी छोटा तुकडा घेतात. भीतीपोटी घरी बसून राहण्यातच खरा धोका आहे.

मग आपल्या हातात काय आहे? आरसा आणि उजेड. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ 1996 पासून शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी गावोगावी लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. त्याचा अहवाल 2005 साली आला.

महिन्यातून एकदा एवढं करा. हात धुवा, चूळ भरा, उन्हाकडं तोंड करून बसा. ओठ उलटे करून बघा. दोन्ही गाल आतून बघा. जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा बघा, जीभ वर करून खालची जागा बघा. मग आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा.

न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, तिखटाची आग, तीन बोटं न मावणं, यातलं काहीही दिसलं तर उपकेंद्रात जा. लाल चट्टा असेल तर उद्यावर टाकू नका. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंडतपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे, आशाताईंना विचारा. चट्टा दिसला म्हणून घाबरू नका. बहुतेक चट्ट्यांचा कॅन्सर होत नाही. पण कुठला होईल, ते घरी बसून कळत नाही.

आणि मशेरी? ती दात घासायची पावडर नाही, भाजलेली तंबाखूच आहे. सुपारीही, तंबाखू न घालता खाल्ली तरी, कॅन्सर करते. सोडणं अवघड आहे, आमच्यातल्या दोघींची अजून सुटलेली नाही. 1800-112-356 या सरकारी नंबरवर सोडण्यासाठी फुकट मदत मिळते.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी एक आरसा मधे ठेवा. आम्ही ठेवला आहे. पहिल्यांदा ताईंनीच तोंड उघडलं, मग आम्ही सगळ्यांनी.