समोरचा निघून गेला, हे सर्व्हरला कळतं कसं?

आज सॉकेट प्रोग्रॅमिंगमधला एक रोजचा प्रश्न घेऊ. क्लायंट कनेक्शन सोडून गेला, तर सर्व्हरने काय करायचं?

मी माकणीचा, लोहारा तालुक्यातला. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण आमच्या गावाजवळच आहे, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. समजा, धरणावर पाणीपातळी मोजणारं एक यंत्र बसवलंय. ते सिमकार्डवरून दर मिनिटाला आकडा सर्व्हरला पाठवतं. हा आपला क्लायंट. तो तीन प्रकारे जाऊ शकतो.

पहिला प्रकार, सांगून जाणं. समोरचा प्रोग्रॅम नीट बंद झाला की टीसीपी 'फिन' पाठवतं आणि आपल्याकडे रिसीव्ह शून्य बाइट देतं. याचा अर्थ 'अजून आलं नाही' असा नाही, 'आता येणार नाही' असा आहे. लगेच आपल्या बाजूचं सॉकेटही क्लोज करा. नाहीतर ते 'क्लोज-वेट'मध्ये पडून राहतं. लिनक्सवर एका प्रोसेसला बहुतेक वेळा १०२४ फाइल उघडायची मुभा असते. ती संपली की नवीन क्लायंटला जागाच उरत नाही.

दुसरा प्रकार, दार आपटून जाणं. समोरून 'रीसेट' येतं. त्यानंतरही त्या सॉकेटवर लिहायला गेलात, तर लिनक्स 'सिगपाईप' सिग्नल देतं. तो हाताळला नसेल तर अख्खा सर्व्हर बंद पडतो. एकापायी सगळे! म्हणून तो सिग्नल इग्नोर करा आणि सेंडची एरर तपासा.

तिसरा प्रकार अवघड. लाईट गेली, टॉवर बंद पडला. फिन नाही, रीसेट नाही. सर्व्हर आपला वाट बघत बसलाय. टीसीपीचं कीपअलाइव्ह आपण चालू केल्याशिवाय चालत नाही. केलं तरी लिनक्सवर पहिली विचारणा ७२०० सेकंदांनी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा. म्हणजे दोन तासांच्या वर गेले! तोवर स्क्रीनवर जुनाच आकडा, आणि नदीकाठचा माणूस तो ताजा समजून मोटर काढायला खाली उतरतो.

म्हणून टायमआउट आपणच लावायचा. मिनिटाला आकडा यायला हवा, तीन मिनिटं काहीच आलं नाही तर सॉकेट बंद. आणि स्क्रीनवर शेवटच्या आकड्याची वेळ दाखवून स्पष्ट लिहा: 'संपर्क तुटला आहे'.

करून बघा. दोन लॅपटॉप एका हॉटस्पॉटवर जोडा, एकावर सर्व्हर चालवा. दुसऱ्यावर क्लायंट एकदा कंट्रोल-सीने बंद करा, आणि एकदा तो चालू ठेवून नुसतं वायफाय काढा. दोन्ही वेळा सर्व्हरला काय कळलं, ते मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!