जोते घालताना ठरणाऱ्या गोष्टी



लिस्प नावाच्या यंत्रभाषेच्या कंपायलरची बांधणी करताना कोणत्या ऐच्छिक सोयी घ्याव्या आणि कोणत्या गाळाव्या, हा काय वैशाखातल्या संध्याकाळी शहापूर-मुरबाडच्या श्रोत्यांपुढे मांडण्याचा विषय झाला? फलकावर विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हा प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की, ज्यांचा संगणकाशी काडीचा संबंध नाही त्यांनाही यातला मुख्य मुद्दा फार जुन्या ओळखीचा आहे.

तानसेच्या धरणाचे पाणी 1892 साली मुंबईला गेले. भातसाही याच शहापूर तालुक्यातली. तिचेही पाणी मुंबईला जाते, आणि याच दिवसांत आपल्या पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट पाहतात, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यातील न्यायान्यायाचा विचार करणारे वक्ते माझ्याहून अधिकारी आहेत. मला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे. धरणाला दार कोठे ठेवायचे आणि नळ कोणत्या दिशेने न्यायचा, हे भिंत उभी राहत असताना ठरते. पुढे चाक फिरवून पाणी कमीअधिक सोडता येते. परंतु जेथे दारच ठेवले नाही तेथे चाक कशाला जोडणार? संगणकाच्या साधनांतही हे दोन प्रकारचे निर्णय असतात. काही वापरताना घेता येतात, काही बांधतानाच घ्यावे लागतात. आपण वापरणारे लोक पहिल्या प्रकाराबद्दल हुज्जत घालतो आणि दुसरा झाला केव्हा हे आपल्याला कळतही नाही.

आता लिस्पविषयी थोडेसे. ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेत 1958 च्या सुमारास रचली आणि तिच्यावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध 1960 साली छापला गेला. त्याच 1960 साली आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आपल्याच माणसांनी आपल्या हातांनी जुळवलेला संगणक कामाला लागला. पुढे पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. स्मरणशक्ती किती, तर अवघ्या 2048 शब्दांची! ही गोष्ट मी मुद्दाम येथे काढली. आयते घेणे आणि स्वतः बांधणे यांतला फरक आपल्याकडे कोणाला ठाऊकच नव्हता, असे कोणी समजू नये.

लिस्पच्या अनेक बोली झाल्या. त्यांतल्या 'कॉमन लिस्प' या बोलीचे अमेरिकन प्रमाणपत्रक 1994 साली निघाले. त्या बोलीत माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत उतरवणारी जी आज्ञावली, तिला कंपायलर म्हणतात. आज मोकळेपणाने मिळणाऱ्या अशा कंपायलरांपैकी एकाचे नाव आहे 'स्टील बँक कॉमन लिस्प'. नावात एक विनोद आहे. हा कंपायलर कार्नेगी-मेलन विद्यापीठात वाढलेल्या जुन्या कंपायलरापासून निघाला. कार्नेगींचा पैसा पोलादाचा, मेलनांचा पेढीचा, म्हणून स्टील आणि बँक! विल्यम न्यूमन यांनी डिसेंबर 1999 मध्ये ही शाखा वेगळी काढली. कारण मोठे मासलेवाईक आहे, आणि ते सांगायला मला घरातले विरजण मदतीला घ्यावे लागेल.

लिस्पचा कंपायलर स्वतः लिस्पमध्येच लिहिलेला असतो. म्हणजे तो बांधायला आधी एक लिस्प हवे. दह्यासाठी दही हवे तसे. जुन्या कंपायलराचे विरजण त्याच्याच कालच्या दह्याचे लागे. काल त्यात काही बिघडले असेल तर ते आजच्या भांड्यात उतरायचे, आणि मूळ दूध कसे होते हे कोणालाच नीट सांगता यायचे नाही. न्यूमन यांनी अशी व्यवस्था केली की, प्रमाण बोली जाणणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही चांगल्या लिस्पचे विरजण चालावे आणि नवा कंपायलर केवळ लिखित मजकुरावरून उभा राहावा. ऐच्छिक सोयींना खरा अर्थ येथून येतो. लिहिले आहे तेच बांधले जाते, तेव्हा काय घेतले आणि काय गाळले हे वाचून कळू शकते.

ते कसे लिहिलेले असते? कंपायलराच्या मजकुरात जागोजागी #+ आणि #- अशी चिन्हे आढळतात व त्यांच्यापुढे एखाद्या सोयीचे नाव असते. पहिल्याचा अर्थ, ही सोय यादीत असेल तर पुढचा तुकडा घ्या. दुसऱ्याचा, नसेल तर घ्या. यादी बांधणीच्या आरंभी तयार होते. काही सोयी आपण न सांगता घेतल्या जातात. बांधणीची आज्ञा देताना नावामागे 'विथ' लावले तर सोय आत येते, 'विदाऊट' लावले तर बाहेर राहते. 'फॅन्सी' असाही एक शब्द आहे. तो उच्चारला की एरवी बंद असणाऱ्या अनेक सोयी एकदम मिळतात, आणि तो वाचताना मला दर वेळी बाजारपेठेतल्या बांगड्यांच्या दुकानाची पाटी आठवते. सारी बांधणी आजच्या साध्या यंत्रावर काही मिनिटांत होते.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. सोयींची ही यादी तयार कंपायलरातही शिल्लक राहते आणि तिच्यात नवे नाव घुसडता येते. नवशिक्याला वाटते, नाव घातले, सोय आली! परंतु तुकडा बांधणीच्या वेळीच गाळला गेलेला असतो. असे नाव घालणे म्हणजे धरणाच्या भिंतीवर रंगाने दार काढण्यासारखे आहे. पाणी तर येत नाहीच, उलट त्या यादीवर विश्वासणाऱ्या दुसऱ्या आज्ञावल्या फसतात.

आता ज्या सोयीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. या कंपायलरात 2004 साली 'युनिकोड' नावाची सोय आली. जगातल्या लिप्यांना सामावून घेणारी. ती न सांगता घेतली जाते, पण बांधणाऱ्याला ती गाळताही येते. घेतली तर कंपायलराला 11,14,112 चिन्हांची जागा मिळते. गाळली तर 256 ची. या 256 मध्ये देवनागरीला जागा नाही. मराठी नाही, हिंदी नाही, आपला 'ळ' नाही.

कोणी म्हणेल, अशी सोय गाळील कोण? गाळणारा दुष्ट असण्याची गरज नाही, काटकसरी असला तरी पुरे. युनिकोड घेतले की सर्वसाधारण मजकुरातले प्रत्येक चिन्ह चार बाइट जागा घेते, एरवी एकच. केवळ रोमन मजकुरासाठी एका बाइटाची पेटी युनिकोडच्या बांधणीतही असते. तरी दहा लाख चिन्हांच्या देवनागरी ग्रंथाला चाळीस लाख बाइट लागणारच. ज्याला फक्त इंग्रजी वाचायचे आहे, त्याला ही उधळपट्टी वाटली तर नवल नाही. त्याने बांधलेला कंपायलर उद्या कोणा मुलाच्या जुन्या यंत्रावर जातो, आणि तो मुलगा आपल्या गावाचे नाव लिहू पाहतो.

'शहापूर' हे नाव घ्या. आपण मोजतो चार अक्षरे: श, हा, पू, र. युनिकोडची बांधणी मोजते सहा, कारण काना आणि ऊकार ही तिथे स्वतंत्र चिन्हे आहेत. युनिकोड गाळलेल्या बांधणीने फाइलीतला प्रत्येक बाइट एक अक्षर म्हणून वाचला, तर उत्तर येते अठरा. त्या फाइलीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. मुरबाडकरांनी वाईट वाटून घेऊ नये, 'मुरबाड'चाही हिशेब चार, सहा, अठरा असाच आहे! अठरा तुकडे झालेले नाव उलटे करा, त्याचे पहिले अक्षर मागा, हाती कचरा येतो. यंत्र मात्र चूक झाली असे म्हणत नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत वाईट वाटते. बांधणीत जे ठेवले नाही, त्याची उणीव यंत्राला जाणवत नाही.

ही जागा देवनागरीला आपोआप मिळाली असेही नाही. 1988 साली आपल्या देशात भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतपद्धती ठरली, आणि 1991 च्या पहिल्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी तिच्यावरच बेतलेली आहे. बांधणी चालू असताना कोणीतरी आपला कागद तयार ठेवला होता, म्हणून तो उपयोगी पडला. या कंपायलरात पुढे काना-मात्रेसह अक्षरसमूह वेगळे करणारी क्रियाही आली. तिला विचारले तर 'शहापूर'चे चार तुकडे बरोबर मिळतात.

बाकीच्या सोयी थोडक्यात सांगतो. 'थ्रेड' या सोयीने एकच आज्ञावली अनेक धाग्यांनी काम करते, आवणीला दहा हात लागावेत तशी. ती गाळली असता दुसरा धागा मागितला तर कंपायलर स्पष्ट नकार देतो. तेवढा तो प्रामाणिक आहे. 'कॉम्प्रेशन'ने तयार प्रतिमा दाबून लहान करता येते. त्यासाठी यंत्रावर दुसरे एक साधन आधी असावे लागते, आणि आरंभाला वेळ थोडा अधिक लागतो. डिस्कवर जागा मुबलक असेल तर मी ती घेत नाही. मात्र दाबलेली प्रतिमा, ही सोय नसलेल्या बांधणीत उघडत नाही, हे विसरू नये. शिवाय एका बांधणीने केलेल्या तयार फाइली, महत्त्वाच्या सोयी वेगळ्या असलेल्या दुसऱ्या बांधणीत चालत नाहीत. फाइलीच्या माथ्यावर सोयींची नोंद असते. ती पडताळून कंपायलर फाइल परत करतो. मुरबाडच्या मित्राने शहापूरच्या मित्राला काम पाठवायचे असेल तर तयार फाइल न पाठवता मूळ मजकूर पाठवावा.

मग प्रत्येकाने कंपायलर स्वतः बांधावा काय? मुळीच नाही. रोजच्या कामाला आयता उत्तम चालतो. बांधणी एकदा करून पाहावी ती यासाठी की, आयत्या साधनापुढे बसल्यावर याच्या पोटात काय ठेवले आहे हे विचारण्याची सवय लागावी. विचारणे अवघड नाही. कंपायलर सुरू करून सोयींची यादी मागावी, तो एका ओळीत देतो. नंतर आपल्या गावाचे नाव देवनागरीत लिहून त्याची लांबी विचारावी. मी यंत्र बरोबर आणले आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर ज्यांना थांबायचे आहे त्यांनी पुढे यावे आणि आपापल्या गावाचे नाव घालून पाहावे.