उंबरठ्याबाहेरचा संसार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी यंदाच्या भाषणासाठी आम्हांस पाचारण केले, ह्याबद्दल प्रथम आम्ही त्यांचे ऋण मान्य करतो. विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी आमच्यावर सोपविली होती. ह्या व्यासपीठावरून आजवर आपल्या कुलदैवतांविषयी, विवाहजुळणीविषयी, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांविषयी पुष्कळ ऐकावयास मिळाले आहे. आम्ही मात्र आज कचऱ्याविषयी बोलणार आहोत. मंगल प्रसंगी असा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडले तर आमची तक्रार नाही. कारण नाक मुरडून पुढे जाण्याच्या ह्या सवयीविषयीच आम्हांस बोलावयाचे आहे.

गेल्या वर्षी ह्याच संमेलनाची भोजनव्यवस्था आमच्याकडे होती. पंगती उत्तम झाल्या, कोणी उपाशी उठले नाही, आणि रात्री आम्ही मोठ्या समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब चुकता करण्यासाठी सभागृहात गेलो असता मागच्या दारी एक सफाई कामगार भगिनी आमच्याच पिशव्या उकलीत बसलेली दिसली. मसालेभात, जिलबी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या, सत्काराचे हार आणि फुटलेल्या काचेच्या पेल्याचे तुकडे असे सारे त्या पिशव्यांत एकत्र कालवलेले होते. आमच्या देखत तिचा तळहात कापला. आम्ही धावपळ करून पट्टी आणली, तेव्हा ती म्हणाली, “राहू द्या साहेब, रोजचंच आहे हे.” त्याच सायंकाळी संमेलनाच्या अहवालात ‘भोजनव्यवस्था चोख होती’ असे वाक्य आम्ही आमच्या हाताने लिहिले. ते वाक्य वर्षभर आमच्या मनातून गेले नाही. आजचे भाषण ही त्या अहवालाची दुरुस्ती समजावी.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळे गावाकडची आहेत. गावी प्रत्येक घराच्या परसात उकिरडा असे. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, भाजीची देठे, केरवारा सारे त्यात पडे, आणि पावसाळ्यापूर्वी तेच खत गाड्या भरून शेतात जाई. ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी देखील फिटते’ अशी म्हण आपल्याकडे पडली आहे. पण उकिरड्याची खरी दैना झाली ती त्याला परसातून उठवून गावाबाहेर, दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकल्यावर. गावचा उकिरडा आपल्या डोळ्यांसमोर होता. तो किती वाढला, त्याला दुर्गंधी सुटली का, हे आपणांस रोज दिसत होते. शहरात आल्यावर पिशवी दाराबाहेर ठेवली की तिचा आपला संबंध संपला, असे आपण मानू लागलो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. ह्याच मार्गाच्या आधाराने आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे गिरगाव-दादरच्या चाळींतील एका खोलीतून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आली. मोकळी हवा, विहिरीचे पाणी, दारात चार झाडे असे तेव्हाचे वर्णन आमच्या वडील मंडळींच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. वस्ती वाढत गेली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाण्यास महानगरपालिका झाली, आणि पुढच्या वर्षी कल्याणास. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांवर, तर कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आसपास भरली. एवढ्या माणसांच्या स्वयंपाकघरांतून रोज जे बाहेर पडते ते कोठे तरी जातेच. ते कोठे जात होते, हे पाहण्याचे कष्ट आपल्यापैकी किती जणांनी घेतले?

कल्याण पश्चिमेस खाडीच्या काठी आधारवाडी म्हणून भाग आहे. शहराचा सारा कचरा कित्येक दशके तेथे जाऊन पडत होता. ओला, सुका, काच, औषधे, सारे एकत्र. ओला कचरा दडपला जाऊन हवेवाचून कुजला म्हणजे त्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो. कुजताना ढिगाच्या पोटात उष्णता साठते, वरच्या थरात कागद-प्लास्टिकाचे इंधन तयारच असते, आणि मग एखादी ठिणगी पुरते. पावसाळ्यात त्याच ढिगातून झिरपणारे काळे पाणी खाडीची वाट धरते. २०१८ च्या मार्च महिन्यात आधारवाडीस लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती आणि आसपासच्या वस्तीला खिडक्या लावून बसावे लागले होते. तो धूर ज्यांच्या घरात शिरला, त्यांनी तो कचरा केलेला नव्हता. केलेला होता तो आपण, रामनगरात, टिळकनगरात, शिवाजी चौकात आणि खडकपाड्यात राहणाऱ्या सर्वांनी.

त्याच्या तीन वर्षे आधी, एप्रिल २०१५ मध्ये, कचऱ्याची शास्त्रोक्त विल्हेवाट होत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या होत्या. ही बंदी सुमारे वर्षभर राहिली. घरासाठी पैसे भरून बसलेल्या अनेक कुटुंबांना तेव्हा प्रथमच उमजले की केळ्याची साल आणि घराची किल्ली ह्यांचा काही संबंध असू शकतो.

ठाण्याची कथा वेगळी नाही. त्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यास जात होता. २०२३ साली दिव्याची क्षेपणभूमी बंद झाली आणि दिवावासीयांनी सुटकेचा श्वास सोडला. पण कचरा भंडार्लीकडे वळला तेव्हा तेथील ग्रामस्थ विरोधास उभे राहिले. त्यांचे काय चुकले? आपल्या दाराशी नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या दाराशी न्यावयाची आणि त्याने हरकत घेतली की त्याला अडाणी म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.

आता आशेची बाजू सांगितली पाहिजे. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले हे लहानसे गाव आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे. तेथील नगरपरिषदेचे मुख्याधिकारी श्री. रामदास कोकरे ह्यांनी २०१५ च्या सुमारास कचरा घरातच वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला आणि जेथे पूर्वी नाक धरून जावे लागे ती जागा लोकांनी पाहावयास यावे अशी करून दाखविली. हेच अधिकारी पुढे कल्याण-डोंबिवलीत उपायुक्त म्हणून आले. २५ मे २०२० पासून येथे शून्य कचरा मोहीम सुरू झाली आणि बरोबर एका वर्षाने, २५ मे २०२१ रोजी, आधारवाडीस कचरा टाकणे बंद करण्यात आले. कित्येक वर्षे अशक्य म्हणून सांगितले गेलेले काम बारा महिन्यांत झाले. त्यात अधिकाऱ्यांची जिद्द होती, कामगारांचे कष्ट होते, आणि दोन डबे ठेवणाऱ्या गृहिणींचाही वाटा होता. तथापि ढिगावर नवा कचरा पडणे थांबले म्हणून घरोघरचा कचरा थांबत नाही. आपला हात सैल पडला तर नवी आधारवाडी कोठे तरी उभी राहीलच. केवळ तिचे नाव निराळे असेल.

येथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की आम्ही कर भरतो, मग हे काम आमचे कसे? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांत घनकचरा व्यवस्थापन येते, हे खरे. परंतु कराच्या पैशातून गाडी येते, चालक येतो, प्रक्रियेचे यंत्र येते. आपल्या ताटातले उष्टे आणि आपल्या दाढीचे पाते वेगळे करण्यास कोणतीही पालिका आपल्या स्वयंपाकघरात येऊ शकत नाही. एकदा कालवलेला कचरा पुन्हा निवडणे हे डाळ-तांदूळ भिजल्यावर निवडण्यासारखे आहे. आपल्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. तो वेगळा निघाला तर त्याचे खत होते, गॅस होतो. उरलेला कागद, पत्रा, काच विकली जाते.

दुसरा आक्षेप असा, की आम्ही वेगळा करून दिला तरी गाडीत तो एकत्रच होतो. जेथे असे घडत असेल तेथे गप्प बसू नये. तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक घालून लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहे. २०२० च्या नोव्हेंबरात नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर कल्याण-डोंबिवलीचा कारभार पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिला, आणि ज्याच्या दारात जाऊन उभे राहावे असा आपला माणूसच नाही, ही अडचण आपण सर्वांनी सोसली. त्या काळाने एक गोष्ट शिकविली. नगरसेवक असो वा नसो, कागद बोलतो. आपल्या संस्थेत निवृत्त कारकून, शिक्षक, वकील काय थोडे आहेत? ज्ञातिसंस्थेचे वजन ओळखीपाळखीने स्वतःची नळजोडणी लवकर करून घेण्यासाठी वापरण्यापेक्षा असा एक कागद पन्नास सह्यांनिशी देण्यासाठी वापरावे.

ह्यापुढचे बोलणे अधिक अवघड आहे. पण ते ह्या व्यासपीठावरून न बोलणे हा भ्याडपणा होईल. आपली संस्था ज्ञातीची आहे. एकमेकांच्या सुखदुःखास धावून जाणे हे तिचे ब्रीद, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. आपल्या वधूवर-सूचीत ‘नोकरी : महानगरपालिका’ असे आपण भूषणाने छापतो. त्याच महानगरपालिकेत झाडू आणि गटार ज्यांच्या वाट्यास आले, ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या ठराविक ज्ञातींतीलच का, हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही. आपल्या समाजाने शुद्धाशुद्धतेच्या नावाखाली घाण करण्याचा हक्क एकाकडे आणि ती उचलण्याचे ओझे दुसऱ्याकडे दिले. ह्या वाटणीत आपलाही हात होता. आपण कचरा कालवून देतो तेव्हा तोंडाने काहीही म्हणत असलो तरी तीच जुनी वाटणी रोज सकाळी पुन्हा करीत असतो.

संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) ज्या गावी कीर्तनास जात, तेथे आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडीत. झाडण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी लक्षावधी लोकांपुढे स्वतः करून दाखविले. अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथे कचरा वेचणाऱ्या श्रमिकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली आणि त्या चळवळीतून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. ओळखपत्र घेऊन, गणवेश घालून, दारोदार जाऊन हक्काने काम करणारी ही माणसे, ज्यांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत, आधी उकिरड्यावर वाकलेली होती. कामाला मान मिळाला की काम करणाऱ्याचा कणा ताठ होतो.

तेव्हा आपण काय करावे? घरी दोन डबे ठेवावेत. काच आणि पाती जाड कागदात गुंडाळून वर खूण करावी; वापरलेले सॅनिटरी पॅड आणि मुलांचे डायपर निराळ्या पुडीत द्यावेत. ज्यांच्या सज्जात वा गच्चीत जागा आहे त्यांनी भोके पाडलेल्या पिंपात तळाशी नारळाच्या शेंड्या आणि वाळला पाला घालून त्यावर रोजचा ओला कचरा टाकावा, वर पुन्हा पाला पसरावा आणि आठवड्यातून एकदा हलवावे. वास सुटला तर पाणी अधिक झाले असे समजून सुका पाला वाढवावा. दोन महिन्यांच्या आतबाहेर मातीचा वास येणारे काळे खत हाती येते. आमच्या घरच्या पहिल्या पिंपास अळ्या पडल्या आणि सूनबाईंनी आठ दिवस आमच्याशी अबोला धरला. दुसऱ्या पिंपातील खतावर वाढलेली तुळस त्यांनीच यंदा वृंदावनात लावली.

संस्थेपुढे आम्ही एकच सूचना ठेवतो. आजच्या भोजनासाठी कार्यकारिणीच्या संमतीने पंगतीच्या शेवटी तीन पिंपे ठेविली आहेत आणि काचेचे पेले बंद केले आहेत. प्रत्येकाने आपले ताट स्वतःच्या हाताने रिकामे करावे. अध्यक्षमहाशयांनी प्रथम जाण्याचे मान्य केले आहे. गेल्या वर्षीच्या त्या भगिनी आजही येथे कामावर आहेत. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आम्ही भोजनाचे निमंत्रण दिले आहे, आणि ते त्यांनी स्वीकारले आहे. त्यांची पाने मागच्या दारी वाढली जाणार नाहीत. आपल्या पंगतीत, आपल्या शेजारी वाढली जातील. कोणी सरकून बसणार असेल, तर त्याने ते जागा करून देण्यासाठी सरकावे.

‘हात फिरे तेथे लक्ष्मी शिरे’ असे आपल्या आज्या सांगत. तो हात आपला असावा, एवढीच विनंती.