मंडळाची अनुदिनी : उभारणी आणि राखण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पंडरी, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर संगणकाच्या आज्ञावलीविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. तथापि आजचा विषय वस्तुतः संगणकाचा नसून स्मरणाचा आहे. पन्नास वर्षांत मंडळाने एक स्मरणिका काढली. पण या पन्नास वर्षांत घराघरांत जे बोलले गेले, लिहिले गेले, त्याचे काय झाले? काही वह्यांत राहिले, काही पत्रांत राहिले, आणि अलीकडचे बहुतेक सारे भ्रमणध्वनीवरील निरोपांच्या ओघात वाहून गेले. हे लेखन स्वतःच्या मालकीच्या जागी, तारीखवार, जगाच्या पाठीवर कोठूनही वाचता येईल असे साठवावयाचे असेल, तर त्यास एक साधन आहे. इंग्रजीत त्यास ‘ब्लॉग’ म्हणतात. मराठीत ‘अनुदिनी’ किंवा ‘जालनिशी’ असे दोन सुंदर शब्द रूढ झाले आहेत. ती कशी उभारावी आणि, त्याहून महत्त्वाचे, कशी राखावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

दूर राहून लिहिण्याची परंपरा या भूमीत नवी नाही. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसे छत्तीसगढात आली आणि येथलीच झाली. त्यांतील एका थोर पुरुषाचे स्मरण आज अगत्याचे आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. घरची भाषा मराठी. पण १९०० सालच्या जानेवारीत त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. ज्या गावी संपादक, त्या गावी छापखाना नाही, अशी स्थिती होती. छपाई प्रारंभी रायपूरला व पुढे नागपूरला होत असे. पैशाची तूट सोसत हे मासिक तीन वर्षे चालले आणि १९०२ च्या अखेरीस बंद पडले. पुढे सप्र्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले, आणि १९२६ साली याच रायपुरात त्यांनी देह ठेवला.

ज्या खर्चाने सप्र्यांचे मासिक थकविले, तो कागदाचा, खिळ्यांचा आणि टपालाचा खर्च आज जवळजवळ उरलेला नाही. परंतु मजकूर मिळविणे, तो तपासणे, वेळेवर प्रसिद्ध करणे आणि जपणे, हे काम पूर्वी जितके होते तितकेच आज आहे. यंत्राने पहिले ओझे उतरविले. दुसरे आपल्याच खांद्यावर आहे.

आता साधनाची ओळख करून घेऊ. ‘पायथॉन’ ही संगणकाची एक भाषा आहे. नेदरलँड्समधील ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. नावाशी सापाचा संबंध नाही; ‘मॉन्टी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ते घेतले आहे. या भाषेत संकेतस्थळे रचण्यासाठी जी तयार चौकट वापरतात, तिचे नाव ‘जँगो’. तिचा जन्म एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला, हे आपण ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ च्या सुमारास काम करीत होते. बातमी हाती येताच ती वाचकांपुढे ठेवावयाची, या घाईच्या व्यवहारातून ही चौकट घडली आणि २००५ साली सर्वांस मोफत खुली झाली. तिला नाव मिळाले ते जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. आगीत डावा हात भाजून दोन बोटे निकामी झाली असतांही, उरलेल्या बोटांनी ज्याने वादनाची नवी रीत निर्माण केली, तो हा कलावंत. तुटपुंज्या साधनांत काम भागविणाऱ्या आपल्या मंडळांना हे नाव परके वाटू नये.

या चौकटीची रचना समजण्यासाठी आपल्या पंडरीच्या कापडबाजाराकडे पाहावे. एखाद्या ठोक दुकानात मागे गोदाम असते. कोणत्या फळीवर कोणता माल, याची शिस्त ठरलेली असते. पुढे दर्शनी मांडणी असते. मध्ये मुनीम बसतो. गिऱ्हाईक काय मागते ते ऐकून तो गोदामातून तेवढाच माल काढवतो आणि गिऱ्हाइकापुढे पसरवतो. जँगोमध्ये गोदामाच्या शिस्तीला ‘मॉडेल’, मुनिमाला ‘व्ह्यू’ आणि मांडणीला ‘टेम्प्लेट’ म्हणतात. चौथी वस्तू म्हणजे पत्त्यांची यादी : कोणत्या पत्त्यावर आलेल्या वाचकास कोणत्या मुनिमाकडे धाडावयाचे, ते तीत लिहिलेले असते. या चार गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्यामुळे उद्या मांडणी बदलली तरी गोदामातील माल हलवावा लागत नाही.

उभारणीचा क्रम असा. प्रथम संगणकावर पायथॉन घ्यावे आणि या कामापुरती एक स्वतंत्र खोली करावी. तिला ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट’ म्हणतात. एका कामाची भांडी दुसऱ्या कामात मिसळू नयेत, हाच तिचा हेतू. त्या खोलीत जँगो आणावे. ‘स्टार्टप्रोजेक्ट’ या आज्ञेने संपूर्ण संकेतस्थळाचा सांगाडा तयार होतो आणि ‘स्टार्टॲप’ या आज्ञेने त्यातील अनुदिनीचे दालन. मग मॉडेल लिहावे : शीर्षक, मजकूर, लेखक, प्रसिद्धीची तारीख, आणि लेख कच्चा आहे की प्रसिद्ध, ही खूण. इतक्या पाच रकान्यांवर अनुदिनी उभी राहते. ‘मेकमायग्रेशन्स’ आणि ‘मायग्रेट’ या दोन आज्ञा दिल्या की त्या रकान्यांप्रमाणे साठ्याची कोष्टके तयार होतात. ‘रनसर्व्हर’ म्हटले की आपल्याच संगणकावर संकेतस्थळ चालू होते. जगास दिसण्यापूर्वी घरच्यांनी ते पाहून घ्यावे.

जँगोची मोठी देणगी म्हणजे तिच्यासोबत तयार येणारी व्यवस्थापनाची कचेरी, ‘ॲडमिन’. रकाने आपण सांगितले की लेख लिहिण्याचे, सुधारण्याचे आणि प्रसिद्ध करण्याचे पान ती आपण होऊन उभे करते. कोणी केवळ लिहावे, कोणी तपासावे, कोणास प्रसिद्धीचा अधिकार असावा, ही वाटणी तेथे करता येते. सत्तरीच्या आजींनी लेख लिहावा आणि त्यांच्या नातीने तो तपासून प्रसिद्ध करावा, यासाठी दोघींपैकी कोणासही आज्ञावली शिकण्याची गरज नाही.

एवढे सारे पुस्तकांतून शिकता येते. परंतु मराठी मंडळाने ज्या तीन जागी विशेष सावध राहावयास हवे, त्या सविस्तर सांगतो.

पहिली जागा अक्षरांची. १९९१ पासून ‘युनिकोड’ या संकेतपद्धतीत देवनागरीस स्वतःची जागा मिळाली आहे. त्यामुळे मराठी मजकूर कोठेही सारखाच वाचता येतो. जुन्या स्मरणिका मात्र छपाईच्या निराळ्या टंकांत जुळविलेल्या असतात. तो मजकूर रूपांतर न करता चढविला तर वाचकापुढे निरर्थक चिन्हांची रांग येते. त्याहून सूक्ष्म अडचण लेखाच्या पत्त्याची. शीर्षकावरून पत्ता बनविण्याचे जे साधन जँगोसोबत येते, ते मुळात रोमन अक्षरांपुरते आहे. मराठी शीर्षक दिल्यास हाती काहीच उरत नाही. त्यास युनिकोडची मुभा दिली, तर ते अक्षरे ठेवते आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार गाळून टाकते! ‘रायपूर’चे ‘रयपर’ होते, ‘मराठी’चे ‘मरठ’ आणि ‘पंडरी’चे ‘पडर’. आपल्या लिपीत स्वरचिन्ह हे अक्षराचे अंग आहे, ही जाणीव त्या साधनाच्या रचनेत नाही. उपाय सोपा आहे : पत्ता शीर्षकावरून न बनविता वर्ष, महिना आणि लेखांक यांवरून बनवावा, जशी नियतकालिके वर्ष आणि अंक छापीत आली आहेत.

दुसरी जागा काळाची. नव्या सांगाड्यात घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते, आणि आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. ‘टाइम झोन’ या ठिकाणी ‘एशिया/कोलकाता’ असे न लिहिल्यास पाडव्याच्या पहाटे चार वाजता प्रसिद्ध केलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख दिसेल. अनुदिनीत तारीख हीच कणा असते. ती चुकली तर पुढील इतिहास चुकेल.

तिसरी जागा सर्वांत गंभीर आहे. प्रत्येक लेख लेखकाच्या नोंदीशी जोडावा लागतो. ती जोडणी करताना जँगो एक प्रश्न विचारते, आणि २०१७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्याचे उत्तर देणे सक्तीचे आहे : लेखकाची नोंद काढून टाकली, तर त्याच्या लेखांचे काय करावे? शिकविण्याच्या उदाहरणांत बहुधा ‘कॅस्केड’ असे उत्तर लिहिलेले असते. त्याचा अर्थ, लेखकाबरोबर त्याचे सारे लेखही पुसावेत. आता कल्पना करा. एखादे ज्येष्ठ सभासद दिवंगत झाले. काही वर्षांनी नवा कार्यवाह, अत्यंत सद्हेतूने, यादी नीटनेटकी करू लागतो आणि ते नाव वगळतो. यंत्र एकवार विचारते. तो घाईत होकार देतो. आणि त्या माणसाने लिहिलेले शब्द त्याच क्षणी नाहीसे होतात. पंडरीच्या जुन्या बसस्थानकावर उतरल्याचे वर्णन, पहिल्या गणेशोत्सवाचा जमाखर्च, नागपूरहून आलेल्या पाहुण्यांची हकिकत, सारे एका होकाराने गेले. म्हणून तेथे ‘प्रोटेक्ट’ हा शब्द लिहावा. मग जोवर एक जरी लेख त्या नावावर आहे, तोवर यंत्र ते नाव पुसू देत नाही. माणूस गेला तरी त्याचे लिहिणे राहावे, हा निर्णय यंत्र आपण होऊन घेत नाही; तो आपणच, उभारणीच्या पहिल्या दिवशी, एका शब्दात घ्यावयाचा असतो.

संकेतस्थळ जगापुढे नेताना ‘डीबग’ ही सोय बंद करावी, कारण ती परक्यास घराच्या भिंतीआतील रचना दाखविते. आणि गुप्त किल्ली कोणाच्या हाती पडेल अशी लिहून ठेवू नये. डोमेनचे नाव मंडळाच्या नावे असावे, एका उत्साही तरुणाच्या नावे नव्हे. तरुण नोकरीनिमित्त पुण्यास किंवा परदेशी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून राहते, आणि मंडळ आपल्याच घराबाहेर उभे राहते. परवलीचे शब्द निदान दोन पदाधिकाऱ्यांपाशी असावेत.

शेवटी प्रतींविषयी. लहान अनुदिनीचा सारा मजकूर ‘एसक्यूलाइट’ या साठ्यात, म्हणजे एका फायलीत मावतो. छायाचित्रांची थैली निराळी असते. दोहोंची प्रत दरमहा काढावी : एक कार्यालयात, एक सभासदाच्या घरी, एक परगावी. आणि वर्षातून एकदा निवडक लेख कागदावर छापावेत. भोपाळ येथे १९८४ साली सप्र्यांच्याच नावाने वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले. जुने अंक कोणी तरी घरात जपून ठेवले होते, म्हणूनच असा संग्रह उभा राहू शकला. मासिक तीन वर्षांत बंद पडले, तरी त्यातील मजकूर आज वाचता येतो, तो जपणाऱ्या हातांमुळे.

आपल्या घरांतील तिसरी पिढी मराठी समजते, बोलते. पण लिहिताना अडखळते. तिला लिहिण्यासाठी कारण हवे आणि वाचक हवा. अनुदिनी ही दोन्ही देऊ शकेल. म्हणून माझी मंडळास विनंती आहे की, या सुवर्णमहोत्सवी वर्षात तीन माणसे नेमावीत : आज्ञावली पाहणारा एक, शुद्धलेखन तपासणारा एक, आणि घरोघरी जाऊन वृद्धांकडून लिहवून घेणारा एक. पहिल्याचे काम काही आठवड्यांत आटोपेल. तिसऱ्याचे काम कधीच संपणार नाही, आणि तेच खरे काम आहे.