रामलिंगच्या घाटात

धबधबा म्हटलं की आपल्या लोहाऱ्याचा माणूस एकतर नळदुर्गाचे नर-मादी सांगतो, नाहीतर थेट कोकणाची गाडी धरतो. यंदा धाराशिव ओलांडून येडशी गाठा. बालाघाटाच्या डोंगरात इथं रामलिंगघाट अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं. पायऱ्या उतरून खाली दरीत महादेवाचं देऊळ, आणि जवळच पावसाळ्यात कोसळणारं पाणी. जखमी जटायूसाठी रामानं बाण मारून पाणी काढलं, अशी इथली आख्यायिका. बालाघाटातला हा धबधबा पावसाच्या भरवशावरचा. उघडीप पडली की धार बारीक होते. म्हणून झड लागून गेल्यावरच निघा, श्रावणी सोमवार मात्र टाळा, फार गर्दी. शेवाळलेल्या खडकावर चढू नका. आणि माकडांसमोर शेंगदाण्याची पुडी सोडाल, तर पिशवीही जाईल!